तिसऱ्या धुण्यात टिकलेला

साने सरांना एक फरशी चिकटवायची होती. त्यासाठी त्यांनी शहापूरच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायच्या मसाल्याचे आठ कंपन्यांचे आठ डबे नेले. प्रत्येक डब्यातल्या मसाल्याने फरशीचा एकेक तुकडा अंगणातल्या भिंतीला लावला. ते आधी गार पाण्याने धुतले, मग साबणाने, मग कढत पाण्याने. एक तुकडा टिकला. त्याचा डबा ठेवून घेतला आणि फोडलेले सात मला परत आणून दिले!

"ओ सर, हे आता कोण घेणार? तुमी?"

"तिसऱ्या धुण्यात टिकेल तोच आपला," सर शांतपणे म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांनी हेच केलं. मण्यारीच्या विषाला घट्ट धरून ठेवेल असा प्रथिनाचा तुकडा ते शोधत होते. त्यासाठी फक्त जीवाणूंवर वाढणारे, माणसाला न बाधणारे विषाणू वापरायचे.

"समजा, बाजारात कोटभर माणसं आहेत," ते मला सांगत. "प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी टोपी आणि खिशात ती टोपी शिवायची कृती. माणूस म्हणजे विषाणू, टोपी म्हणजे तो प्रथिनाचा तुकडा. विष लावलेल्या ताटलीत सगळे ओतायचे, धुवायचे. चिकटून राहतील ते वाढवायचे, पुन्हा ओतायचे, आणखी जोरात धुवायचे. शेवटी उरेल त्याच्या खिशातली कृती वाचायची."

"मग गावला का?"

"एकदा गावला. पाच महिने नाचलो. ताटली बदलली, तर सुटला. विषाला नाही हो, ताटलीच्या प्लॅस्टिकलाच चिकटला होता!"

मला विषाणूंचं काय पडलंय? माझा डोळा त्यांच्या आटगावच्या प्लॉटवर होता. पोत्यावर खिळे मांडून मुरबाडच्या बाजारात बसायचो तिथून मी वर आलोय. रस्त्याकडेची जागा मला सोडवत नाही. चार वर्षं रोज संध्याकाळी सरांच्या ओट्यावर बसून घासाघीस केली. आणि सरांनी तो प्लॉट एका मास्तरला विकला. माझ्यापेक्षा कमी भावात!

भर बाजारात मी त्यांना नको नको ते बोललो. आठ दिवस ओट्याकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अवो, सरांचं दार कालपास्नं उघडलं नाय." गेलो, तर सर तापाने फणफणलेले.

"प्लॉटचं मी विसरलो नाय, सांगून ठेवतो," असं दटावत त्यांना पेज पाजली. मग रोजच जायला लागलो. भांडण चालूच होतं.

पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या फॉर्मवर 'जवळची व्यक्ती' म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलेलं.

"तुमचे पुतणे कुठंयत? दर रविवारी यायचे ना?"

"ताटली बदलली. सुटले."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे प्लॉट मुद्दाम विकलात? मला धुवायला?"

"हो," सर म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले. "तुम्ही आठ दिवस आला नाहीत. वाटलं, तुम्हीपण प्लॅस्टिकलाच चिकटलेले होतात."

असा संताप आला की काय सांगू! तेवढ्यात नर्सने विचारलं, "नातं काय लिहू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सने पुन्हा विचारलं.

"धाकटा भाऊ लिवा," मी ओरडलो. "आणि यात घासाघीस नाय!"