राणीचं सुतक

"ऑस्ट्रेलियाची माणसं कशी असतात, ते मला विचारा!" असं नरसिंहरावांनी अर्ध्या कुंभकोणमला सांगून ठेवलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं!

साल १९९३. त्यांच्या महालक्ष्मीला बघायला थेट मेलबर्नहून स्थळ येत होतं, तेही आपल्या तंजावरी मराठी माणसांतलं! दोन दिवसांनी पाहुण्यांचं परतीचं विमान. म्हणजे जमलं तर आजच, नाहीतर पापनाशमचा खतवाला वरदराज होताच आशेवर.

"तिकडं राणी अजून इंग्लंडचीच!" नरसिंहरावांनी बायकोला, अलमेलुबाईंना समजावलं. "आपण नाही का, तीनशे वर्षं कावेरीचं पाणी पिऊन अजून मराठीतच भांडतो? तसंच ते! भिंतीवर राणी दिसली की माणसं विरघळलीच म्हणून समज!"

राणीची तसबीर आली. भिंतीवर एकच खिळा रिकामा होता. बालाजी आणि नरसिंहरावांचे वैकुंठवासी वडील थोरले रावसाहेब यांच्या मधला.

वार शुक्रवार. शुक्रवारी अलमेलुबाई सगळ्या तसबिरींना हार घालत. सगळ्या म्हणजे सगळ्या! वर कुंकू, पुढ्यात दिवा.

मुलाचे वडील कृष्णमूर्ति उंबऱ्यातच थबकले. राणी. हार. दिवा. शेजारी थोरले रावसाहेब. तसाच हार, तसाच दिवा.

"अय्यय्यो! गेल्या?"

कुणी तोंड उघडायच्या आत ते मागीलदारी धावले, विहिरीवर डोक्यावरून घागर ओतून घेतली आणि अंगातल्या सुटासकट निथळत परत आले. धुवून दोरीवर टाकायची राहिलेली सतरंजी जणू!

"सुतक! तीन दिवस शुभ बोलणं नाही!"

"अप्पा, ती बाई तुमची कोण?" मुलगा पद्मनाभ म्हणाला.

"नागरिक झालो तेव्हा तिच्या नावानं शपथ घेतली रे मी! शपथेचं नातं का कमी?"

"ती इंग्लंडात, आपण मेलबर्नात! देशाच्या डोक्यावर आपलं माणूस नको? मी तर म्हणतो, राणी घालवाच!"

"घालवा? पुढ्यात दिवा जळतोय आणि असं बोलतोस?"

"अहो, जिवंत आहेत त्या!" नरसिंहराव किंचाळले.

बोललो नसतो तर बरं झालं असतं, हे त्यांना लगेच कळलं.

"जिवंत बाईला हार घातलात?" कृष्णमूर्ति गरजले. "असल्या घरात सोयरीक? माझे बूट कुठायत?"

"अप्पा," पद्मनाभ पहिल्यांदाच हसला, "मला तर हे घर फार आवडलं!"

बूट सापडले. एक पायात गेलासुद्धा! नरसिंहरावांना डोळ्यांपुढे खताची पोती दिसू लागली. तेवढ्यात महालक्ष्मी काफी घेऊन आली.

"मामा, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात नं? तुम्ही तर स्नानसुद्धा केलंत! राणीचं केवढं वाढलं असेल!"

कृष्णमूर्ति एका बुटावर उभे राहिले. "वाढलं? माझ्यामुळं?" त्यांनी बूट काढला, ऐटीत बसले, काफीचा घोट घेतला. "नरसिंहराव, पोरगी गुणाची आहे. ठरलं!"

पद्मनाभला मुलगी मनापासून पसंत होती. पण चेहरा पडला होता.

"साधारण किती वर्षं वाढतं?" त्यानं हळूच विचारलं.

"पुष्कळ," महालक्ष्मी म्हणाली. "काफी घ्या, निवतेय."