रिकाम्या पिंजऱ्यांचं भाडं

खर्रर्रर्र!

दुपारच्या शांततेत चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला आणि नुकतीच झोपलेली माझी पाच वर्षांची दोदो टुणकन उठून बसली. ती झोपली की मला जेमतेम तासभर मिळतो. त्यातच केस विंचरायचे, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची आणि असं काहीबाही लिहायचं. सासूबाई खोक्यांचे तळ चिकटवत होत्या; त्यांनी तो तास एका पट्टीत संपवला! पण मी रागावले नाही. परदेशी माल पाठवणारी बाई असल्या बारीकसारीक गोष्टींवर रागावत नसते.

होय, परदेशी! आमच्या या चीनमधल्या डोंगरातल्या गावात घरोघर बांबूचे पिंजरे विणतात, पण ते जाऊन जाऊन जातात तालुक्याच्या बाजारात, पक्षी पाळणाऱ्या हौशी म्हाताऱ्यांकडे. मी मात्र मोबाईलवरून थेट मेलबर्नच्या मार्गोबाईंना गाठलं. त्यांना दुकानात दिवे टांगायला तीस पिंजरे हवे होते.

"दारात पोच किती पडेल?" त्यांनी विचारलं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. आमचा पिंजरा म्हणजे फुंकर मारली तर हलेल! त्याला भाडं ते काय लागणार? "भाडं, कर, सगळं आमच्याकडे!" असं मी ऐटीत कळवून टाकलं. किमतीत चार युआन वर घातले, तेही भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे.

ऐट उगीच नव्हती. माझा नवरा झंगफू दूर दोंगक्वान शहरात चपलांच्या कारखान्यात आहे. वर्षातून एकदा, नववर्षाला, घरी येतो. आमचं ठरलं होतं: ही ऑर्डर फायद्यात गेली की त्यानं नोकरी सोडायची आणि कायमचं घरी येऊन पिंजरे विणायचे. दोदोला तर मी सांगूनही टाकलं होतं. तिथंच चुकलं.

मालवाहतूक करणाऱ्या छिनबाईंना मी फोन लावला.

"ताई, खोक्याची मापं सांगा," त्या म्हणाल्या.

"वजन विचारा ना! एक किलोसुद्धा नाही!"

"वजन राहू द्या. लांबी, रुंदी, उंची?"

मी सांगितली. पलीकडे टकटक टकटक झालं.

"विमानानं पाठवलंत तर एकेकाला सोळा किलोचं भाडं पडेल."

"सोळा? अहो, पिंजऱ्यात काय डुक्कर बसवलंय मी?"

"ताई, तुमच्या पिंजऱ्याचं विमानाला ओझं होत नाही, अडचण होते. हलका माल जागा अडवतो, म्हणून जागेचे पैसे. जहाजातही तेच, फक्त तिथं जागा स्वस्त."

"पण त्या जागेत काहीच नाहीये! नुसती हवा आहे!"

"मग हवेचं भाडं समजा. एकात एक बसतील का?"

"ते पिंजरे आहेत हो, पेले नव्हेत!"

"बरं. शिवाय बांबू आहे, म्हणजे किडीच्या औषधाची धुरी आली. बंदरावरची हमाली आली. तिकडे उतरल्यावर कर, कागदपत्रं, दुकानापर्यंतची गाडी. ते सगळं घेणाऱ्याकडे असतं म्हणा. 'दारात पोच' तर कबूल केलं नाहीत ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केलंत," त्या म्हणाल्या. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात ना, अगदी तशा.

शेवटी जहाज ठरलं. नफा पेजेसारखा पातळ झाला, पण होता! मी झंगफूला फोनवर तसं सांगितलं. तो म्हणाला, "मुकादमाला सांगू का मग, निघतो म्हणून?"

"सांग, सांग!" मी म्हटलं.

हे सगळं सासूबाईंनी ऐकलं. पिंजरे विणलेले त्यांनीच. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे आपण रिकाम्या जागेचे पैसे भरतोय?"

"हो ना, आई."

"मग ती रिकामी कशाला पाठवायची?"

मी हसले. म्हातारीचा विनोद वाटला मला! म्हातारी विनोद करत नाही, हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोदोला बालवाडीत सोडून येईपर्यंत तिसाच्या तीस खोकी बंद! आपली सासू किती झपाट्याची म्हणून मी कौतुकसुद्धा केलं, आणि छिनबाईंना कळवलं, "माल: बांबूचे पिंजरे, रिकामे."

महिन्याभरानं छिनबाईंचा फोन आला.

"ताई, पिंजरे रिकामे होते ना?"

"अगदी रिकामे!"

"फोटो पाठवलाय. बघा."

मेलबर्नच्या तपासणीतला फोटो होता. पिंजऱ्यात पक्ष्यानं बसायची दांडी असते. तिच्यावर ओळीनं, माना खाली घालून, आमच्या चुलीवर धुरावलेले डुकराचे सॉसेज लटकत होते! तळाला वाळल्या मिरच्या, भोपळ्याच्या बिया आणि कोपऱ्यात वाळवलेल्या भाताच्या वड्यांचा ढीग.

"आई!" मी ओरडले.

"ओरडतेस कशाला? जागेचे पैसे भरले होते ना?"

"तिथं मांस न्यायला बंदी आहे!"

"मांस? हे घरचं आहे!"

छिनबाई फोनवर सगळं ऐकत होत्या. "आजी, घरचं म्हणून तर जास्त घाबरले ते."

मग सुरू झालं. तीसही खोकी उघडायचे पैसे. सॉसेज जाळून टाकायचे पैसे. (आपलेच सॉसेज, आपल्याच पैशानं जाळायचे! सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.) पुन्हा धुरीचे पैसे. तोवर गोदामात अडकून पडल्याचं भाडं, तेही पुन्हा जागेचंच! मी चाचरत विचारलं, "यातलं काही मार्गोबाई..."

"दारात पोच, ताई," छिनबाई म्हणाल्या, आणि उरलासुरला पातळ नफाही संपला.

पिंजरे पोचले. मार्गोबाई खूश होत्या. त्यांनी कळवलं, "वास फार छान येतोय, कुठलं लाकूड हे?" आणखी साठ हवेत म्हणाल्या. मी म्हटलं, "जरूर, पण या वेळी भाडं तुमचं." त्यावर त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

संध्याकाळी झंगफूचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो हसला.

"मुकादमाला सांगितलं नव्हतंस ना?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. आता जाऊन म्हणतो, मी असं काही बोललोच नव्हतो." मग म्हणाला, "आईला रागावू नकोस. तिला म्हणावं, नववर्षाला दोन सॉसेज माझ्यासाठी ठेव."

सासूबाई दुसरीकडे तोंड करून बांबू तासत राहिल्या. दोदो पलंगावर आडवी होऊन हे सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी तिच्या शेजारी लवंडले. तिनं हात लांब करून पलीकडची चादर चाचपली.

"आई, रिकाम्या जागेचे पैसे पडतात ना?"

"पडतात गं, बाळा."

"मग इथं बाबांची जागा रिकामी असते, तिचे कोण भरतं?"