पाच मंगळूंचा एक बाप

साहेब, तुमच्या कचेरीने आमच्या पाड्यातल्या पाच बापांचा मिळून एक बाप केला. हा आरोप मी, दामू शिद, सातवी नापास, पुडीचे कागद वाचून लिहायला शिकलेला माणूस, सगळ्यांसमोर करतो. वाचकांनीच न्याय करावा.

गेल्या जूनमध्ये, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, मुरबाडकडच्या आमच्या पाड्यातून पहिल्यांदाच पाच पोरं दहावी पास झाली. अकरावीला शिष्यवृत्ती मिळते असं कळलं. मी छाती ठोकून म्हणालो, "पाची अर्ज मी भरतो. अक्षर बघूनच मंजूर करतील."

अक्षर झकास होतं. गोची दुसरीकडे झाली. आमच्या मागच्या पिढीत पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव मिळायचं. पाचही बाप मंगळवारचे, म्हणून पाचही मंगळू. आडनाव सगळ्यांचं शिद. वर पोरांना पहिलीत घालताना मास्तरांनी सरसकट जन्मतारीख टाकली, एक जून.

उत्तर आलं : 'एका पालकाच्या दोनच पाल्यांना लाभ देय. पाचपैकी दोन निवडून कळवावे.'

त्याची प्रत आरोग्य केंद्रालाही गेली असावी. कारण नर्सबाई थेट पाचांतल्या हर्षालीच्या आईकडे, सोमीकडे आल्या.

"पाच झाली म्हणे एकदम?"

"माला येकच हाय बाई. तिचीच फी भरवत नाय, पाच कुठून आनू?"

मग मी म्हसा गावच्या जत्रेत बैल उतरवून परत आलेल्या टेम्पोत पाचही मंगळू कोंबले आणि कचेरीत उभे केले.

"मंगळू शिद कोण?" कारकून म्हणाला.

"मी," पाच आवाज.

"एका वेळी एकानेच बोला."

"येकच कुठं हाव आमी? अंगठे मोजा ना," हर्षालीचा बाप म्हणाला.

"अंगठ्याला पुरावा लागतो."

पुरावा? मी वकिलाकडून प्रतिज्ञापत्रं करून घेतली. पाड्यात हाक मारतात तशीच नावं घातली : थोरला मंगळू, बुटका मंगळू, विहिरीवरचा मंगळू. कचेरीने ती शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिली. दाखल्यात नुसताच मंगळू. शेरा पडला : 'पित्याचे नाव जुळत नाही. पाचही अर्ज नामंजूर.'

म्हणजे आधी पाच पोरांना निदान एक बाप तरी होता. माझ्या हुशारीने तोही गेला.

हर्षाली मात्र रोज सात किलोमीटर चालून कॉलेजात जाते. मला म्हणाली, "काका, बाप कोन ते तुमी ठरवा. मी परीक्षेला बसनार."

फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत आणि शनिवार शेवटचा दिवस आहे. म्हणून हर्षालीचा बाप, विहिरीवरचा मंगळू, आज सकाळपासून तुमच्या व्हरांड्यात बसलाय. शेजारी मी. आम्ही उठणार नाही. साहेब, लेखी उत्तर द्या : स्वतःच्या पोरीचा बाप व्हायला या माणसाने आणखी कोणता कागद आणायचा?