अण्णांनी घेतलेली बटणाची परीक्षा

आमचे शेजारी अण्णा स्वतःच्या म्हशीचं दूध स्वतःच्या हाताने काढतात आणि तरीही बोट बुडवून बघतात, यात पाणी तर नाही ना. विहिरीवरची मोटार सुरू केली की पाइपाच्या तोंडाशी चालत जातात. "दिवा लागला म्हंजी पानी आलं, आसं न्हाई." कर्जतच्या बाजारात त्यांना बघून दुकानदार दुसरीकडे तोंड करतात.

वहिनी गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा सुनील पुण्याला. कधीतरी येतो, चहा घेतो आणि किल्ली फिरवत उठतो. या खेपेला त्याने नवी गाडी आणली. तिच्यात 'स्पोर्ट' नावाचं एक बटण.

"अण्णा, हे दाबलं की ताकद वाढते."

"आन् दाबायच्या आदी ती कुटं ठिवली हुती?"

सुनीलने बटण दाबून दाखवलं. गाडी गुरगुरली, झेपावली.

"बैल हंबरला म्हंजी जास्त वडतो का? पाय पुरा दाबून चढावर घे."

देवीच्या टेकडीवर परीक्षा ठरली. घड्याळावर अण्णांचा विश्वास नाही, ते सेलवर चालतं. म्हणून मारुतीची आरती म्हणायची आणि गाडी वर पोचताना कुठली ओळ चालू आहे ते बघायचं. मागच्या सीटवर वजनाला कांद्याच्या दोन गोण्या आणि मी.

"शांते, हलू नगं. वजन सरकलं की परीक्षा खोटी."

एकदा बटणाशिवाय, एकदा बटण दाबून. सुनीलचा पाय दोन्ही वेळा पुरता दाबलेला. दुसऱ्यांदा इंजिनाने एवढा गलका केला की अण्णांना आरती ओरडून म्हणावी लागली. पण देवळाशी पोचलो ते त्याच ओळीवर.

"मान्य," सुनील हसला. "ताकद तेवढीच. बटणाने गाडी पायाचं लवकर ऐकते, एवढंच. चला, तुम्हाला घरी सोडतो आणि निघतो."

एरवी अण्णा जिंकले की आठवडाभर गावात सांगत फिरतात. आज त्यांचा चेहराच उतरला.

"थांब," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपंला माझ्याकडनं एक कडवं ऱ्हायलं. ह्यो निकाल धरता येनार न्हाई. पुढल्या आयतवारी परत घ्यावी लागंल."

अण्णांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी कधी ऐकली नव्हती. आणि कडवं राहिलंच नव्हतं. मी मागे बसून मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते.

सुनीलने संशयाने मागे वळून बघितलं. "काकू, खरंच राहिलं का हो?"

अण्णा काचेतून समोर बघत होते. मान वळवली नाही.

"व्हय," मी म्हणाले. "मधलंच ऱ्हायलं."