फोटो धुणारे चाचा

आमच्या गल्लीतले रहीमचाचा दवाखान्यातले जुने एक्सरे धुतात. खरंच, धुणं धुतात तसे. पण पिंपात बुडवायच्या आधी एकेक फोटो उन्हाला धरून त्याच्याशी बोलणार. "क्या भई, टांग तोडून घेतली? माफ करना, धोना पडता."

मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, म्हातारा येडा हाय.

त्या काळ्या फोटोत चांदी असती म्हणं. ऊन पाण्यात सोडा टाकला की काळं सुटून खाली बसतं, ते वाळवून मुशीत आटवलं की चण्याएवढी चांदी. उरलेल्या कोऱ्या फिल्मा चाचांनी खिडकीला लावल्यात. कुणी नुसतं उभं राहिलं तरी चांदीच्या तुकड्यावर बर्फ ठेवून दाखवणार, "देख, कसं झटक्यात पाणी करते! लोखंडाला जमंल का?" लोखंडाचा त्यांना लई राग.

या हिवाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या अनूच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आधी काढलेला छातीचा फोटो आणा, नव्याशेजारी धरल्याबिगर कळणार नाय. घरी आले तर फोटो गायब.

सासूबाई म्हणाल्या, "तो व्हय? चाचांना दिला. स्टीलची वाटी दिली त्यांनी."

मी अनवाणी पळाले. डोक्यात एकच, तिची छाती पिंपात विरघळली की पोरगी पण गेली. असं काय नसतं, कळतं मला, पण जीव ऐकत नव्हता.

पिंपातून वाफा निघत होत्या. मी वरडले, "चाचा, माझ्या अनूचा फोटो!"

"अगं हळू. चप्पल कुठाय तुझी?" म्हणत त्यांनी खाटेखालून चादरीचं गाठोडं ओढलं, सोडलं. सगळ्या लहान छात्या. फासळ्या काडीएवढ्या.

"बच्चों के नै धोता मैं. कोई मां मांगने आई तो?"

"आलं का कुणी?"

"इतक्या वर्षांत तू पहिली."

मग बोटातली पातळ चांदीची अंगठी फिरवत म्हणाले, "माझ्या पोरीचा, सलमाचा धुतला होता. ती गेल्यावर. धंद्यात नवा होतो. तिचा दुसरा फोटोच नव्हता, ते मागून ध्यानात आलं."

अनूचा फोटो त्यांनी उन्हाला धरला. लई वेळ. त्याच्याशी बोलले मात्र नाहीत. माझ्या हातात दिला, गाठोडं बांधून टाकलं. "जा. माझ्या चपला घाल."

अनू अजून दवाखान्यातच हाय. मी डबा न्यायला घरी आले की चाचा दारात उभे. "फोटो संभाळला ना?" एवढंच विचारतात. पोरगी कशी हाय, ते विचारत नाहीत. माझ्यासारखेच भ्यालेत.