सगळे छेद समान

"गणिताला कात्री कशाला लागते, ते मला एकदा कुणीतरी समजावून सांगा," गणिताचे सर चित्रकलेच्या वर्गाच्या दारातच पुटपुटले. पुटपुटले ते अशा बेताने, की कात्र्या मोजत बसलेल्या चित्रकलेच्या बाईंना नीट ऐकू जावं.

बाईंनी ऐकलं आणि गिळलं. चित्रकला आणि गणित एकाच प्रकल्पातून शिकवायचं, ही कल्पना त्यांची. मोठ्या बाईंकडे सहा महिने खेटे घातले, तेव्हा कुठे महिनाभराची परवानगी मिळाली होती. जमलं तर ठीक, नाहीतर चित्रकलेचा तासही गणिताच्या घशात जाणार होता.

काम तसं सरळ होतं. सभागृहाचा नवा पडदा पाचवीच्या मुलांनी रंगवायचा. अर्धा भाग आकाश, एक तृतीयांश पाणी आणि उरेल ती जमीन. किती उरते, ते मुलांनीच काढायचं.

तिसऱ्या दिवशी सरांची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांकडे पळण्याआधी ते फळ्यावर लिहून गेले : 'आधी सर्व छेद समान करून घ्यावेत. मगच रंग.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. छेद म्हणजे कापणं, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुसरा काही अर्थ शाळेत कानावर पडला असेलही, पण त्या तासाला त्या वहीच्या मागच्या पानावर मास्तरांच्या मिशा काढत असत. आपल्याला अपूर्णांक येत नाहीत, हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. पडद्यातून वारा खेळता राहावा म्हणून भोकं पाडत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"बाई, छेद म्हणजे ते खालचं ना?" दोन वेण्यांवालीने विचारलं.

"हो, खालूनच सुरुवात करू."

"म्हणजे पडदा कापायचा?"

"सरांनी लिहिलंय ना? मग. रंगाच्या डबीचं झाकण ठेवून आखा. सगळे सारखे आले पाहिजेत हं."

मुलांना पुन्हा सांगावं लागलं नाही. सर गाल धरून परतले, तेव्हा पडद्याच्या तळाशी अठ्ठेचाळीस भोकं झाली होती. एकही लहानमोठं नव्हतं.

"छेग!" तोंडातल्या बोळ्यातून सर कळवळले. "अहो, छेग म्हणजे हे नव्हे!"

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मुलांच्या हातात कात्री दिली की हेच व्हायचं. उद्यापासून हे प्रकल्प-बिकल्प बंद."

दोन वेण्यांवालीने बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरांनीही पाहिलं. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "माझं अक्षर जरा वाईट आहे."

फळ्यावर मोत्यांसारखं अक्षर सगळ्यांना दिसत होतं.

मग मात्र बाईंना राहवेना. "सरांची नाही, मुलांची तर नाहीच नाही. बाई, मला अपूर्णांक येत नाहीत. छेद म्हटल्यावर मला कात्रीच सुचली."

मोठ्या बाईंनी मुलांना मैदानावर पिटाळलं, दार लोटलं आणि खुर्ची सरांजवळ ओढून घेतली.

"चालू राहू दे तुमचं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "फक्त मागच्या बाकावर मला एक जागा ठेवा. बत्तीस वर्षं झाली नोकरीला सर, पण छेद वरचा की खालचा, ते मला अजून सांगता येत नाही."