विहीणबाईंना सगळं माफ

रोज संध्याकाळी साडेपाचला सॅम्युअलकाका मला विहीणबाई करून खुर्चीत बसवायचे. मी एकोणीस वर्षांची, ते साठीला टेकलेले. मी डोक्यावरून पदर घ्यायचा, तोंड जरा फुगवायचं आणि विचारायचं, "काय हो, प्रवास बरा झाला का?" की काका उभे राहून, हात जोडून "गुटन ओव्हंट" म्हणायचे आणि पुढचं सगळं यिद्दिशमध्ये. मला एक अक्षर कळायचं नाही.

"कळायची गरजच नाही. तू फक्त मान डोलाव. पण लगेच नको हं, विहीण आहेस."

दापोडीत रुळांकडेच्या ओळीत आमच्या खोल्या शेजारी. मी बीडकडची. सहावीत शाळा सुटली, लग्न होऊन इथे आले. नवरा पाळीला गेला की कडी लावून बसायचे. पहिल्याच आठवड्यात काकांनी दार वाजवलं. "पोरी, तुला रुसता येतं का? मला सरावाला माणूस हवंय." या गावात माझी गरज लागलेला पहिला माणूस तो.

काका कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यू आणि घरात मराठीच. बायको वारलेली. एकुलती एक रूथ इस्राएलला गेली, तिथेच तिनं लग्न केलं. जावई भला, पण त्याची आई पोलंडकडून आलेली, तिकडच्या ज्यूंची यिद्दिशच बोलणारी. रूथला ती येईना, सासूला दुसरी कुठली धड बोलता येईना.

"पोरगी दिवसभर मुक्यानं स्वैपाक करते. तिची बाजू कोण मांडणार? मीच ना?"

यिद्दिशची लिपी प्रार्थनेतल्या हिब्रूचीच, ती काकांना लहानपणापासून येत होती. रूथनं पाठवलेलं पहिलं पुस्तक सहा महिन्यांत संपलं. दुसऱ्यात गाडी अडकली. "पहिल्या पुस्तकात सगळे नुसते सफरचंद खातात गं. दुसऱ्यात एकमेकांची मनं राखायला लागतात. तिथे माझी फे फे उडते."

कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दिवसभर नट-बोल्ट मापाच्या गेजला लावून बघायचे, संध्याकाळी वाक्यं. बोललेलं वाक्य डोळे मिटून पुन्हा ऐकल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट नाही. रिवर्क." माझ्या वांग्याच्या भाजीलाही एकदा हाच शेरा मिळाला. सरावात मराठी तोंडातून निघालं तर त्यांचा चहा बिनसाखरेचा, असा नियम त्यांनीच केलेला. मी तर मराठीच बोलणार! पण मला शिक्षा नाही. "विहीणबाईंना सगळं माफ."

एकदा कामावरून सुटून धावतच आले. "अगं, त्यांच्यात विहिणीला वेगळा शब्द आहे! मेखुतेनेस्ते! इंग्रजीत आहे का? नाही. ज्या भाषेत विहीण आहे, तिथे आपली पोरगी सुखात राहील."

त्या भरात पत्र लिहायला घेतलं. तीन आठवडे खपले. मुलीच्या बापानं लिहावं तसं, अगदी रीतीनं: मुलगी अजाण आहे, हाताला वळण नाही, आमच्याकडून काही शिकवणं झालं नाही, चुकलंमाकलं पोटात घाला.

"छान," मी म्हणाले. माझ्या वडिलांनीही माझ्या सासूपुढे हेच म्हटलं होतं.

उत्तर आलं ते रूथचं. "बाबा, हे काय लिहिलंत? यांच्या आई माझ्याकडे चोरून बघतात. 'प्रत्यक्ष बाप सांगतोय, तू तिकडे केलंस तरी काय?' असं यांच्याकडून विचारून घेतात."

त्यांच्यात ही रीतच नव्हती. लिहिलेलं त्यांनी खरं मानलं.

काका कामावर गेले नाहीत. "माझ्याच हातानं चांगला माल रिजेक्ट केला गं."

मी घाबरत म्हणाले, "काका, मनात आहे ते सरळ लिहा की."

"सरळ लिहायचं ते पहिल्या पुस्तकात होतं." मग उठून फळीवरून पहिलं पुस्तक काढलं. त्या दुपारी चारच वाक्यं लिहिली. माझी मुलगी चांगली आहे. ती गाते. तिला अंधाराची भीती वाटते. तिला जवळ घ्या.

दीड महिना पोस्टमन दिसला की आम्ही दोघं दारात. शेवटी पत्र आलं, खुद्द विहीणबाईंचं. मोठी मोठी अक्षरं. काका बोट ठेवून मला मराठीत सांगत होते. "संध्याकाळी मी आता दिवा लवकर लावते. तिचं एक गाणं मलाही येतं." वाचता वाचता त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग बोट थांबलं.

"पुढे काय आहे?"

"विचारतायत, तुम्हाला तिकडे जेवायला कोण वाढतं?"

साडेपाच वाजलेच होते. मी खुर्चीत बसले, डोक्यावरून पदर घेतला, तोंड फुगवलं. "सांगा की व्याहीबुवा, कोण वाढतं?"

काका उभे राहिले, हात जोडले. जेवणाचा धडा दोन्ही पुस्तकांत होता, तोंडपाठ. बाहेरून लोकल गेली, तिचा आवाज पार विरला, तरी ते तसेच उभे.

"कोणी नाही," ते मराठीत म्हणाले.

मग घाईघाईनं पाठ वळवून म्हणाले, "चुकलो. बिनसाखरेचा कर."

मी दोन चमचे घातले. विहीणबाईंना सगळं माफ असतं.